एमवायला गेल्यावर पहिला प्रश्न: आपलं युनिट कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतलं कुटुंब. सासरे ६६ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ३.८, दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते. सुनेची मुलगी आठ महिन्यांची, वजन ५.८ किलो, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात ७ मिलिमीटरचं छिद्र. दोघांचाही खाजगी खर्च झेपणारा नाही. एमवायला, म्हणजे इंदूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, जायचं तर कुणाला कुठे दाखवायचं, आणि तिथे सगळं शिकाऊ डॉक्टरच करतात हे खरं का?

ताई, शिकाऊ डॉक्टरांचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर बसलेलं आहे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात रुग्ण कुणा एका डॉक्टरचा नसतो, तो युनिटचा असतो. युनिटमध्ये वर एक प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, मग सीनियर रेसिडेंट, आणि खाली एमडी-एमएसचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणारे पीजी. लोक ज्यांना शिकाऊ म्हणतात ते हे पीजी. ते एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून आलेले डॉक्टर असतात. किडनी किंवा हृदयाच्या सुपरस्पेशालिटी विभागात डीएम, एमसीएच करणारे तर एमडी किंवा एमएस पूर्ण करून आलेले असतात. रात्री दोन वाजता खाटेपाशी उभा राहणारा माणूस हाच. कोणतं ऑपरेशन, केव्हा, कुणाला सुट्टी, हे मात्र सकाळच्या राउंडला वरून ठरतं.

यात धोक्याची जागा एकच, आणि ती बहुतेकांना दिसत नाही. वरचे डॉक्टर तुमचा रुग्ण पहिल्यांदा बघतात तो पीजीने लिहिलेल्या हिस्टरीतून, म्हणजे आजाराच्या आणि औषधांच्या माहितीतून. ती अपुरी असेल तर पुढचा विचार अपुऱ्या माहितीवर चालतो. म्हणून ‘बीपीची एक पांढरी गोळी, अर्धी’ असं सांगण्यात अर्थ नाही. घरातली सगळी औषधं, अर्ध्या संपलेल्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून न्या. दुखण्याच्या गोळ्या आणि वैद्याची चूर्णं त्याच पिशवीत असू द्या. किडनीच्या रुग्णात नेमकी तीच पुडी कामाची निघते.

आता युनिटचा वार. प्रत्येक युनिटची ओपीडी ठरलेल्या वारांना असते, आणि इमर्जन्सीची ड्यूटीही ठरलेल्या दिवशी. ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा दाखवता किंवा भरती होता, त्या दिवसाच्या युनिटचे तुम्ही होता. पुण्यामुंबईत ज्याला केस पेपर म्हणतात तो आपल्याकडचा पर्चा. त्यावर विभाग आणि युनिट लिहिलेलं असतं, नसलं तर लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्याच वारी गेलात तर तुमच्यासमोर दुसरंच युनिट बसलेलं असतं. ते आडमुठेपणा करत नाहीत, पण तुमची केस त्यांना माहीत नसते, मग हिस्टरी पुन्हा, तपासण्या पुन्हा, कधी औषधंही बदलतात. ‘एमवायला दर वेळी नवीन डॉक्टर, दर वेळी नवीन गोळी’ ही तक्रार मोठ्या प्रमाणात चुकलेल्या वाराची तक्रार असते. फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात विभाग, युनिट, वार लिहून ठेवा. सुपरस्पेशालिटी विभागांत डॉक्टर मोजकेच असतात, ओपीडीचे दिवसही मोजके. ते बदलतात, म्हणून आदल्या दिवशी घरातल्या धडधाकट माणसाने खिडकीवर विचारून यावं. रुग्णाला घेऊन अंदाजाने जाऊ नये.

इमारतींचा गोंधळ वेगळा. १९४८ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजे आपल्या एमजीएमशी, ही सगळी रुग्णालयं जोडलेली आहेत: महाराजा यशवंतराव रुग्णालय म्हणजे एमवाय, मुलांसाठी चाचा नेहरू, बायका आणि नवजात बाळांसाठी एमटीएच, छातीच्या रोगांसाठी एमआरटीबी, आणि प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून उभं राहिलेलं सुपर स्पेशालिटी. कॉलेज एक असलं तरी खिडक्या वेगळ्या, पर्चे वेगळे. सासऱ्यांची आणि मुलीची फाइल एकाच पिशवीत ठेवू नका. एकाच दिवशी दोघांनाही उरकून घेऊ, हा बेत तर अजिबात नको. एका रांगेत नंबर येतो तेव्हा तुम्ही दुसऱ्या इमारतीत असता.

सासऱ्यांचं आधी. ६६ व्या वर्षी क्रिएटिनिन ३.८ म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ती साधारण १६ ते १७ वर आलेली आहे. हा चौथा टप्पा, आणि १५ च्या खाली पाचवा सुरू होतो. त्यांचा मूळ विभाग नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीचा. पण धाप लागते म्हटल्यावर मेडिसिन, म्हणजे मोठ्यांच्या सर्वसाधारण आजारांच्या विभागातून सुरुवात करणं बरं, कारण धाप तीन ठिकाणांहून येऊ शकते: अंगात साचलेलं पाणी, कमी झालेलं हिमोग्लोबिन, किंवा हृदय. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखता नुसती धाप होऊन येतो, हे विसरू नये. मेडिसिनचं युनिट ईसीजी, एक्स-रे, सीबीसी, इको करून नेफ्रॉलॉजी आणि कार्डिऑलॉजीला (हृदयाच्या विभागाला) ‘कॉल’ पाठवतं. कॉल म्हणजे एका विभागाने दुसऱ्याला लिहिलेली चिठ्ठी. भरती रुग्णाचा कॉल दुपारपर्यंत बघून झाला नाही तर वॉर्डातल्या पीजीला विचारावं, ‘कॉल गेला का, आणि कुणाकडे पोचला?’ हा प्रश्न रागाने विचारायचा नसतो, पण विचारायचा असतो. कॉलबुक फाइलखाली राहून गेलं, असं रोज कुठे ना कुठे होतं.

दोन विभाग एकमेकांवर अडतात ती जागा इथेच येते. कार्डिऑलॉजीला अँजिओग्राफी हवी असेल तर त्यात रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डायने किडनी आणखी बसण्याची भीती, आणि न करावी तर हृदयाचं काय ते कळत नाही. हा निर्णय दोन्ही विभागांनी मिळून घ्यायचा असतो. डाय कमीत कमी वापरणं, आधी शरीरातलं पाणी योग्य पातळीला आणणं, दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासणं हे मार्ग आहेत. तुमचं काम एवढंच, की अँजिओग्राफीच्या संमतीवर सही करण्याआधी ताजं क्रिएटिनिन फाइलमध्ये वरती लावलेलं आहे आणि नेफ्रॉलॉजीचं मत लिहून आलेलं आहे हे बघणं. सीटी स्कॅनला कॉन्ट्रास्ट, म्हणजे असाच डाय, द्यायचं असेल तेव्हाही हेच.

त्यांच्या पिशवीत मेटफॉर्मिन असेल तर ते ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर ते चालत नाही. इन्शुलिन चालू असेल तर एक उलटी गोष्ट घडते: किडनी खालावते तसं इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर अचानक खाली येते. ‘यांची शुगर आता छान राहते’ असं घरचे आनंदाने सांगतात, आणि डोस मात्र जुनाच चालू असतो. पहाटे घाम, थरथर, बडबड दिसली तर आधी ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर साखर किंवा ग्लुकोज द्या आणि त्याच आठवड्यात डोस बदलून घ्या.

डावा हात जपा. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या हातात डायलिसिससाठी फिस्चुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडतात. ती वापरण्याजोगी व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, कधी तीन महिने. म्हणून ईजीएफआर १६ वर असतानाच नेफ्रॉलॉजीला विचारायचं, फिस्चुला केव्हा. ती वेळेवर न केल्यामुळे मानेत तातडीची नळी घालावी लागते, तिला जंतुसंसर्ग होतो, पुन्हा भरती. आणि फिस्चुला होण्याआधीच त्या हाताच्या शिरा सलाईन आणि रक्त काढून खराब केलेल्या असतात. आजपासून रक्त उजव्या हाताच्या पंजावरून काढायला सांगा. वॉर्डातली सिस्टर घाईत असते, म्हणून डाव्या मनगटावर चिकटपट्टी लावून त्यावर ‘सुई नको, बीपी नको’ लिहा. वेडगळ दिसतं, पण काम करतं.

हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करायची. किडनीच्या रुग्णाला नेहमीच्या दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमचा डोस, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, असा क्रम सर्रास वापरतात. डायलिसिस सुरू झाल्यावर लस कमी धरते. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्ही हे तीन रिपोर्ट नसतील तर डायलिसिसच्या खुर्चीवर घेत नाहीत. ते फाइलमध्ये तयार असू द्या. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून घाईने रक्त चढवू नका, आधी लोह तपासतात, मग रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं. पुढे किडनी प्रत्यारोपणाचा विचार होणार असेल तर चढवलेल्या प्रत्येक रक्ताच्या पिशवीने जुळणारा दाता मिळणं अवघड होत जातं.

खाण्यात इंदुरी माणसाची अडचण शेव आणि जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पोह्यांवरची शेवसुद्धा मोजायची. काळं मीठ किंवा सेंधा मीठ हेही मीठच. ‘लो सोडियम’ म्हणून विकतात त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते या रुग्णाला धोक्याचं. भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं नारळपाणी आणि मोसंबीचा रस यांतही पोटॅशियम भरपूर. रुग्णाला नारळपाणी पाजणं हा आपल्याकडे प्रेमाचा भाग आहे, क्रिएटिनिन ३.८ असताना ते प्रेम आवरावं. दुखण्याला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जातीची गोळी नको, पॅरासिटामॉल चालतं. उताणं झोपल्यावर श्वास घेता येत नाही, लघवी एकदम कमी झाली, गुंगी येते आहे, यांपैकी काही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता थेट इमर्जन्सी.

आता बाळ. आठ महिन्यांच्या मुलीचं वजन साधारण ८ किलोच्या आसपास असतं, ५.८ म्हणजे हृदयाचा बोजा वजनावर आलेला आहे. ‘छिद्रं आपोआप बंद होतात’ हे लहान छिद्रांबाबत बऱ्याच अंशी खरं आहे, पण दूध पिताना दमणारं, कपाळावर घाम येणारं, वजन न वाढणारं बाळ त्या गटात बसत नाही. मोठं छिद्र असलेल्या बाळात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर सतत दाब पडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्या कायमच्या कडक होऊ शकतात. तसं झालं की ऑपरेशनची वेळ निघून जाते. एक फसवी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. काही बाळांचा घाम मध्येच कमी होतो, सर्दीखोकला थांबतो, छातीतला आवाजही कमी होतो आणि घरचे म्हणतात बरं वाटतंय. कधी कधी ते बरं वाटणं म्हणजे फुप्फुसांचा दाब वाढल्याची खूण असते. म्हणून बाळ ‘चांगलं दिसतंय’ तेव्हाही ठरलेला इको चुकवायचा नाही.

सुरुवात चाचा नेहरूच्या बालरोग ओपीडीतून करा. तिथून बालहृदयाचं मत, मग पुढची दिशा. या वयात, या वजनात एवढं छिद्र बहुधा शस्त्रक्रियेनेच बंद करतात. पायातल्या शिरेतून छिद्र बुजवणारं डिव्हाइस बसवणं छिद्र कुठे आहे आणि बाळ किती मोठं आहे यावर ठरतं. समांतर दुसरा रस्ताही त्याच आठवड्यात पकडा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष नोंदवून पुढे पाठवतात. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे किंवा जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, इकोचा रिपोर्ट घेऊन नोंद करा. मध्यप्रदेशात हृदयासाठी मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, ती याच रस्त्याने मिळते. सरकारी ठिकाणी रांग लांब असेल तर मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात याच योजनेतून ऑपरेशन होऊ शकतं. आधी पैसे भरून नंतर परत मागू, असं करू नका. मंजुरी आधी लागते.

मोठ्यांच्या आणि मुलांच्या विभागात खरा फरक वजनाचा. मोठ्यांना गोळी मोजतात, मुलांना मिलिग्रॅम प्रति किलो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या बहुधा घरी होतात. साधं पॅरासिटामॉल घ्या: एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलीत १२५’ असेल तर ते ६ मिली, ‘५ मिलीत २५०’ असेल तर ३ मिली, आणि थेंबांची ‘१ मिलीत १००’ वाली बाटली असेल तर फक्त दीड मिली. थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या हिशोबाने ६ मिली दिलं की चौपट डोस झाला. हृदयाच्या बाळाला फुरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, दिलं तर तेही असंच: किलोमागे १ मिलिग्रॅम सांगितलं असेल तर या बाळाला साधारण ६ मिलिग्रॅम, ‘१ मिलीत १०’ अशा द्रवाचं ते ०.६ मिली होतं, ६ मिली नव्हे. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्या, १ मिलीची सिरिंज वापरा, चमचा नको. वजन अर्धा किलोने वाढलं की डोस पुन्हा विचारा.

घरी एकच मोजणी शिकून ठेवा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटाच्या हालचालीवरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. त्यासोबत छाती आत ओढली जात असेल, दूध नाकारत असेल, ओठ निळसर असतील तर रात्र असली तरी निघायचं.

लसीची तारीख पण या गणितात येते. गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर. ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिलं की ही लस पुढचे सहा-सात महिने नीट धरत नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना लस आधी बसवता येईल का, हे सर्जनच्या टीमला विचारा. ऑपरेशन तातडीचं असेल तर लसीसाठी थांबायचं नाही. बाकीच्या लसी हृदयाला छिद्र आहे म्हणून बंद ठेवणं ही घरोघरची चूक आहे. खोकला-निमोनिया टाळायची गरज या बाळाला सगळ्यात जास्त.

तपासणीला नेताना मुलांची तयारी वेगळी. इकोला बाळ शांत हवं, रडत्या बाळाचा इको अर्धवट होतो आणि महिन्याभरानंतरची तारीख मिळते. बाळाला सकाळी जागं ठेवा आणि नंबर जवळ आला की दूध पाजा, झोपेत इको उत्तम होतो. पण झोपेचं औषध किंवा भूल देणार असतील तर नियम उलटा, उपाशी ठेवायचं: घन आहार किंवा बाहेरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. झोपेचं औषध घरून देऊन आणायचं नाही. आकडीच्या मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, असेल तर आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा. चंपी करून आणलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटतच नाहीत. एमआरआयला काळ्या दोऱ्यातला तावीज, वाळे, कानातलं, सगळं घरीच काढून यावं.

ऑपरेशन पुढे का ढकललं जातं, हे कळलं की निम्मं टाळता येतं. बाळाला सर्दीखोकला असेल तर भूल देणारे थांबतात, छातीत घरघर झाली असेल तर चार ते सहा आठवडे. हा त्रास देण्यासाठी घातलेला घोळ नव्हे. सुजलेली श्वासनलिका भुलेत आवळते. ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस बाळाला लग्नात, मंदिरात, राजवाड्याच्या गर्दीत नेऊ नका. दुसरं कारण फिटनेस, म्हणजे भूलतज्ज्ञांची पूर्वतपासणी: तिला आठवडे उलटले आणि रिपोर्ट जुने झाले की पुन्हा करावी लागते. तिसरं, सकाळी कुणीतरी प्रेमाने पाजलेलं दोन घोट दूध. चौथं रक्त. ब्लड बँकेत बदली रक्तदाता आणा म्हणतात तेव्हा १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा, हिमोग्लोबिन १२.५ असलेला माणूस लागतो. पुरुषाने तीन महिन्यांत आणि बाईने चार महिन्यांत रक्त दिलेलं नसावं. ऑपरेशनच्या सकाळी फोन फिरवण्यापेक्षा दोन नातेवाईक आधीच तपासून ठेवा. ओटीच्या यादीत लहान मुलं आणि मधुमेही सहसा आधी घेतात, कारण त्यांना उपाशी ठेवणं अवघड. यादीत तुमचं नाव खाली गेलं असेल तर कारण विचारायला हरकत नाही.

मोठ्या रुग्णालयात नमुना लॅबपर्यंत नेण्याचं काम बऱ्याचदा नातेवाईकावर येतं. हातातली ती छोटी नळी ही निदानाची अर्धी किल्ली आहे. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरलेलं हवं; त्यात औषध आणि रक्ताचं प्रमाण १ ला ९ ठरलेलं असतं, रक्त कमी पडलं तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, खोटा वाढलेला येतो. पोटॅशियमची नळी उन्हात खिशात घालून चहा पिऊन मग लॅबला गेलात तर पेशी फुटून पोटॅशियम खोटं जास्त दिसतं, आणि तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत त्या एका आकड्यावर रात्री डायलिसिस लावायचं की नाही हे ठरू शकतं. नळी उभी धरायची, हलवायची नाही, थेट खिडकीत द्यायची, आणि नळीवरचं नाव वाचून घ्यायचं. किडनीची बायोप्सी झाली तर दोन तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत असतात, एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्स नावाच्या तपासणीसाठी वेगळ्या द्रवात. दोन्ही एकाच बाटलीत टाकले की दुसरी तपासणी होत नाही आणि सुई पुन्हा टोचावी लागते.

आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं थोडक्यात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण भरती झाल्यावरच. ओपीडीतल्या गोळ्या आणि तपासण्या त्यात येत नाहीत. भरतीआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस मात्र येतात. याच योजनेतलं वय वंदना कार्ड ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता मिळतं. सासरे ६६ चे, त्यांना पात्रता यादीतूनच जावं लागेल. आपल्याकडे अडतं ते समग्र आयडीवर, म्हणजे मध्यप्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणी क्रमांकावर. बाळाचं नाव समग्रमध्ये चढवलेलंच नसतं, किंवा आधार आणि समग्रमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, आणि हे कळतं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. जन्मदाखला निघाल्या निघाल्या वॉर्ड कार्यालयात किंवा एमपी ऑनलाइनच्या (सरकारी कामं ऑनलाइन करून देणाऱ्या) दुकानातून हे करून घ्या. कार्ड नसेल तर रुग्णालयाकडून खर्चाचं एस्टिमेट घेऊन मुख्यमंत्री स्वेच्छानुदानासाठी अर्ज करता येतो. कंटाळून ‘लामा’ करू नका, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून सही करून रुग्ण नेऊ नका. त्यात धड सुट्टीचा कागद मिळत नाही, आणि पुढच्या रुग्णालयात सगळं शून्यापासून. न्यायचंच असेल तर रेफर मागा, रेफरच्या कागदावर चालू औषधं आणि शेवटचे रिपोर्ट येतात.

मुलीचा विभाग कायम चाचा नेहरू राहणार नाही, हेही आत्ताच डोक्यात असू द्या. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत १२ किंवा १४ वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांच्या विभागात पाठवतात, आणि हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल त्या वयात एकदम अनोळखी युनिटसमोर उभं राहतं. ऑपरेशनचा सविस्तर कागद, पॅच लावला की डिव्हाइस, शेवटचा इको, हे सगळं फोटोसकट जपलेलं असलं तर तेव्हा पंधरा मिनिटांत काम होतं. नसलं तर छाती उघडलेल्या व्रणावरून अंदाज बांधत बसावं लागतं.

सुट्टीच्या दिवशी वॉर्डात घाई असते. कागदावर निदानाचं पूर्ण नाव, झालेली प्रक्रिया, सुट्टीच्या दिवशीचं क्रिएटिनिन किंवा बाळाचं वजन, आणि औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस, एवढं वाचून घ्या. खाली ‘७ दिवसांनी दाखवा’ असं लिहिलेलं असतं. मंगळवारी सुट्टी झाली असेल तर सातवा दिवस मंगळवारच, आणि तुमच्या युनिटची ओपीडी सोमवार-गुरुवार असेल तर त्या मंगळवारी तुम्हाला दुसरंच युनिट भेटेल. सही करणाऱ्या रेसिडेंटला तिथेच विचारा आणि ‘७ दिवस’ खोडून वार आणि तारीख लिहून घ्या.